संगणकाचे कर्नल आणि हार्डवेअरचे व्यत्यय : औंढा नागनाथच्या नियोजित वेधशाळेच्या निमित्ताने

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव महाराष्ट्रास आजवर परिचित होते ते नागनाथाच्या प्राचीन देवालयामुळे आणि नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या कथेमुळे. अलीकडे त्या नावाशी एक नवा संदर्भ जोडला गेला आहे. गुरुत्वीय तरंगांचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा याच परिसरात उभारण्याचे ठरले असून केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात भुजा, त्यांत टांगलेले ४० किलो वजनाचे आरसे आणि त्या आरशांमध्ये येरझारा घालणारा लेसर-किरण, असे या उपकरणाचे ढोबळ स्वरूप आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील अशाच दोन उपकरणांनी पहिला गुरुत्वीय तरंग नोंदविला, तेव्हा भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता.

एवढा सूक्ष्म फरक मोजावयाचा तर आरसे स्थिर हवेत. आणि पृथ्वीवर स्थिर असे काहीच नसते. सागराच्या लाटा, वाऱ्याचे झोत, दूरवरची वाहने या साऱ्यांनी जमीन अखंड हलत असते. म्हणून आरसे नुसते टांगून भागत नाही, त्यांना क्षणोक्षणी सावरावे लागते. हे सावरण्याचे काम संगणक करतात. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील व्यवस्थेत संवेदकांकडून येणारे विद्युत्संकेत दर सेकंदास ६५,५३६ वेळा अंकांत रूपांतरित होतात. म्हणजे दोन वाचनांमध्ये अंतर असते ते केवळ सुमारे १५.२६ मायक्रोसेकंदांचे. एवढ्या अवधीत नवे अंक उचलावयाचे आणि त्यांवर गणित करून आरशांकडे दुरुस्तीची आज्ञा धाडावयाची. सर्वच गणिते या वेगाने चालत नाहीत, काहींना सेकंदास १६,३८४ वा त्याहून कमी फेऱ्या पुरतात. परंतु जी फेरी ठरली ती चुकवून चालत नाही. एक फेरी हुकली तर तिचा ओरखडा मोजमापात उमटण्याचा संभव असतो. अधिक हुकल्या तर प्रकाशाचा साधलेला मेळच मोडतो, आणि तो पुन्हा साधेपर्यंत वेधशाळा आंधळी असते. त्या अवधीत एखादा तरंग येऊन गेला तर तो पुन्हा येत नाही.

आता यातील नवलाची गोष्ट अशी, की हे काम करणाऱ्या संगणकांवर चालणारी कार्यप्रणाली म्हणजे सर्वसामान्य लिनक्स होय. तिचे कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा अंतर्भाग, जन्मतःच अशा रीतीने घडविलेले आहे की कोणत्याही यंत्रभागाने कोणत्याही क्षणी हाक मारावी आणि त्याने हातचे काम टाकून ‘ओ’ द्यावी. ज्याला कोणीही मध्येच थांबवू शकते, त्याच्या हाती क्षणाचाही खंड न खपणारे काम कसे सोपवावे? या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी कर्नल एरवी या हाका कशा झेलते, आणि झेलताना स्वतःस इजा कशी होऊ देत नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे.

या हाकेस मराठी परिभाषेत ‘व्यत्यय’ म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द तितकासा नेमका नाही. संस्कृतात व्यत्यय म्हणजे क्रमाची उलटापालट. पाणिनीनेही वैदिक भाषेतील प्रत्ययादिकांच्या अदलाबदलीसाठी हीच संज्ञा योजिली आहे. मराठीत तिला विघ्नाचा, अडथळ्याचा अर्थ चिकटला. संगणकातील व्यत्यय मात्र विघ्न नव्हे. कळफलकावर बोट पडले, जाळ्यावरून माहितीचा तुकडा आला, तबकडीवरील वाचन पुरे झाले किंवा घड्याळाचा ठोका पडला, की संबंधित यंत्रभाग प्रोसेसरला तशी सूचना देतो, इतकेच. हा मार्ग नसता तर प्रोसेसरला प्रत्येक यंत्रभागाच्या दारी वारंवार जाऊन ‘काही आहे काय?’ असे विचारीत फिरावे लागले असते. सेकंदास अब्जावधी स्पंदांनी चालणाऱ्या प्रोसेसरच्या मानाने मनुष्याच्या दोन कळदाबांमधील अंतर म्हणजे युगच; ते युग विचारपूस करण्यात दवडणे ही उधळपट्टी झाली असती.

ही उधळपट्टी टाळण्याची युक्ती १९५० नंतरच्या दशकात रूढ होऊ लागली. अमेरिकेतील डायसिॲक हे १९५४ चे यंत्र व त्यामागोमाग आलेले युनिव्हॅक ११०३-ए यांचा या संदर्भात नेहमी उल्लेख होतो. परंतु युक्तीबरोबर आलेले भय ज्याने सर्वांत स्पष्टपणे ओळखले, तो डच शास्त्रज्ञ एड्स्खर डायक्स्ट्रा. इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ या यंत्रात व्यत्ययाची सोय करावी असा प्रस्ताव सहकाऱ्यांनी मांडला, तेव्हा तो आनंदला नाही, धास्तावला. कारण असे, की तोवर एकच कार्यक्रम त्याच सामग्रीवर पुन्हा चालविला की तो तंतोतंत तसाच चालत असे. चूक असली तर ती पुन्हा दिसे आणि दिसली म्हणून सापडे. व्यत्यय कोठे पडेल हे मात्र कोणाच्याच हाती नसते. आज चूक घडली, उद्या तीच सामग्री घेऊन बसले तर घडणार नाही, कारण उद्या व्यत्यय दोन सूचना अलीकडे पडेल. प्रयोगाने न सापडणारी चूक विचारानेच टाळावी लागते, हे जाणून त्याने या विषयाचा पाठपुरावा केला आणि १९५९ साली त्यावरच प्रबंध सादर केला. व्यत्ययाच्या सुरक्षिततेचा विचार येथपासून सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही.

व्यत्यय येतो तेव्हा प्रत्यक्षात काय घडते? प्रोसेसर हाती असलेली सूचना अर्ध्यावर टाकीत नाही, ती पुरी करतो. दोन सूचनांच्या सांध्यात त्याला हाक ऐकू येते. मग तो आपण कोठे होतो तो पत्ता आणि आपल्या अवस्थेची काही चिन्हे स्मृतीतील एका चळतीवर ठेवतो. हाकेबरोबर एक क्रमांक आलेला असतो. इंटेल परंपरेतील प्रोसेसरांत असे २५६ क्रमांक असून त्यांतील पहिले ३२ प्रोसेसरच्या स्वतःच्या अपवादांसाठी राखून ठेवलेले आहेत. त्या क्रमांकावरून कर्नलने आधीच मांडून ठेवलेल्या कोष्टकात योग्य त्या कार्यपाठाचा पत्ता मिळतो, तो पाठ चालतो, आणि तो संपला की चळतीवरील खुणा परत उचलून मूळ काम जणू काही झालेच नाही अशा थाटात पुढे सुरू होते. ‘जणू काही झालेच नाही’ हे शब्द महत्त्वाचे. ज्या कार्यक्रमास थांबविले गेले त्यास आपण थांबलो होतो याची गंधवार्ताही लागता कामा नये.

भाषेच्या अभ्यासकास ही रचना परिचित वाटेल. पुढील वाक्य पाहावे : ‘मुख्याध्यापकांनी शिक्षकांनी मुलाने ग्रंथपालाने दिलेले पुस्तक हरवल्याचे सांगितल्याचे ऐकले.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. मुख्याध्यापकांची क्रिया सांगण्यापूर्वीच शिक्षक मध्ये येतात, त्यांचे पुरे होण्यापूर्वी मुलगा, आणि त्याच्याही आधी ग्रंथपाल. चार कर्ते एकावर एक रचले जातात आणि क्रिया मात्र उलट क्रमाने उकलतात : देणे ग्रंथपालाचे, हरवणे मुलाचे, सांगणे शिक्षकांचे, ऐकणे मुख्याध्यापकांचे. जो शेवटी आला तो प्रथम मोकळा होतो. चळतीचा नियम हाच, आणि एका व्यत्ययात दुसरा व्यत्यय पडला असता कर्नलमध्येही नेमके हेच घडते. व्हिक्टर इंग्वे या अभ्यासकाने १९६० साली प्रतिपादिले होते की अशी अपुरी राहिलेली बांधिलकी किती खोलवर साठविता येईल यास मानवी स्मृतीची मर्यादा असते, आणि भाषा ती मर्यादा ओलांडू नये म्हणून निरनिराळ्या रचना वापरतात. वरील वाक्य बोलताना कोणीही ‘मुख्याध्यापकांनी असे ऐकले की...’ अशी सुरुवात करील ती याच कारणाने. कर्नलची चळतही अमर्याद नाही, उलट ती फार तोकडी असते. व्यत्ययात व्यत्यय, त्यात आणखी व्यत्यय अशी रीघ लागली आणि चळत भरून वाहिली, तर ती शेजारच्या स्मृतीवर पसरते आणि यंत्र कोसळते. यास्तव लिनक्सने २०१० पासून सरळच नियम केला, की एका व्यत्ययाचा कार्यपाठ चालू असताना त्या प्रोसेसरवर इतर व्यत्ययांना दार बंद.

येथवरचे साम्य बोधक आहे, परंतु ते येथेच संपते. वाक्यातील मधले उपवाक्य मुख्य वाक्याच्या शब्दांत हात घालीत नाही. व्यत्ययाचा कार्यपाठ मात्र ज्या सामग्रीवर मूळ काम चालले होते तिलाच हात लावू शकतो, आणि खरा धोका तेथे आहे.

समजा, जाळ्यावरून आलेल्या तुकड्यांची मोजदाद कर्नल एका ठिकाणी ठेवते आणि तेथे ४१ हा अंक आहे. कर्नलच्या एका भागास तो एकाने वाढवावयाचा आहे. वाढविणे ही मनुष्यास एक क्रिया वाटते. अनेक प्रोसेसरांत ती तीन क्रियांची असते : अंक उचलणे, त्यात एक मिळविणे, परत ठेवणे. ४१ उचलला गेला आणि नेमक्या त्याच सांध्यात व्यत्यय पडला. व्यत्ययाच्या कार्यपाठानेही तोच अंक वाढविला. तेथे आता ४२ आहे. तो परतला. मूळ कामाच्या हाती अद्याप जुना ४१ आहे. त्यात एक मिळवून त्याने ४२ ठेवले. दोन तुकडे आले, मोजला गेला एक. मोजदादीत एकाचा फरक पडला तर फारसे बिघडत नाही. परंतु अंकाच्या जागी एखाद्या यादीतील दुवा असेल तर यादी तुटते आणि कर्नल भलत्याच पत्त्यावर जाऊन धडकते. आणि हे सारे दोन सूचनांच्या त्या एका अरुंद फटीत व्यत्यय पडला तरच, म्हणजे कदाचित महिन्यातून एकदा. डायक्स्ट्राची धास्ती अनाठायी नव्हती.

यावर पहिला उपाय सुचतो तो कुलपाचा. सामग्रीस हात लावण्यापूर्वी कुलूप घ्यावे, काम झाले की सोडावे. ज्यास कुलूप मिळाले नाही त्याने ते सुटेपर्यंत जागच्या जागी वाट पाहावी. दोन प्रोसेसर असतील तेथे हा उपाय उत्तम चालतो. व्यत्ययापुढे मात्र तो घातक ठरतो. एका प्रोसेसरवरील कामाने कुलूप घेतले. त्याच प्रोसेसरवर व्यत्यय पडला. व्यत्ययाच्या कार्यपाठास तेच कुलूप हवे आहे. तो वाट पाहू लागतो. ज्याच्याकडे कुलूप आहे ते काम याच कार्यपाठाखाली दबलेले असल्याने पुढे सरकू शकत नाही, आणि ते सरकल्यावाचून कुलूप सुटत नाही. दोघेही अनंत काळ तसेच. यंत्र बिघडलेले नाही, कोणतीही सूचना चुकलेली नाही, तरी सर्व काही थिजलेले आहे.

म्हणून नियम असा : ज्या सामग्रीस व्यत्ययाचा कार्यपाठही हात लावतो, तिचे कुलूप घेण्यापूर्वी त्या प्रोसेसरवरील व्यत्ययांना दार लावावे. या नियमास एक पोटनियम आहे, आणि तो नवख्याच्या हातून हमखास सुटतो. काम झाल्यावर दार सरसकट उघडावयाचे नसते. ते पूर्वी जसे होते तसे करावयाचे असते. कारण ज्या अंतर्गत कार्याने कुलूप घेतले त्यास बोलावणाऱ्यानेही स्वतःच्या कारणासाठी आधीच दार लावून ठेवलेले असू शकते. आतल्याने निघताना दार सताड उघडले तर बाहेरच्याचे संरक्षण त्याच्या नकळत गेले. एका घरात दोघांनी जपून वावरावे तशी ही गोष्ट आहे. एवढ्यासाठी कर्नलमध्ये दाराची पूर्वस्थिती टिपून ठेवून कुलूप घेणारी आणि तीच स्थिती पुन्हा आणून कुलूप सोडणारी अशी जोडक्रिया स्वतंत्रपणे दिलेली आहे. कोण कोणते कुलूप कोणत्या परिस्थितीत घेतो यावर नजर ठेवणारी एक तपासनीस यंत्रणा २००६ पासून लिनक्समध्ये आहे. तिचे वैशिष्ट्य असे, की प्रत्यक्ष कोंडी होण्याची ती वाट पाहत नाही. हेच कुलूप एकदा व्यत्ययाच्या कार्यपाठात घेतले गेले आणि दुसऱ्या प्रसंगी व्यत्ययांस दार उघडे असताना घेतले गेले, एवढे आढळले तरी ती आक्षेप नोंदविते. त्या दोन प्रसंगांची गाठ प्रत्यक्षात कधी पडली नसली तरीही. प्रयोगाने न सापडणारी चूक विचाराने पकडण्याचे काम येथे यंत्राकडेच सोपविलेले दिसते.

परंतु दार लावून बसणे ही चैन आहे, आणि तिची किंमत बाहेर ताटकळणाऱ्यांस मोजावी लागते. दार बंद असता घड्याळाचा ठोका ऐकू येत नाही. जाळ्याच्या पत्रिकेवरील तोकडी साठवण भरून वाहते आणि पुढचे तुकडे सांडतात. म्हणजे सुरक्षिततेसाठी दार लावावे तर माहिती गमावते, उघडे ठेवावे तर सामग्री नासते. या पेचातून कर्नलने काढलेली वाट हे या विषयाचे मर्म होय, आणि ती वाट चापल्याची नसून लांबणीवर टाकण्याची आहे. हाकेस ‘ओ’ तत्काळ द्यावयाची. काम मात्र तत्काळ करावयाचे नाही.

व्यत्ययाच्या कार्याचे यासाठी दोन भाग पाडले जातात. पहिल्या भागात यंत्रभागास पोच देणे, जे क्षणात नष्ट होईल तेवढेच उचलून ठेवणे आणि ‘उरलेले काम आहे’ अशी खूण करणे, इतकेच घडते. त्यानंतर दार उघडते. दुसरा भाग, म्हणजे आलेल्या तुकड्याची छाननी, तो कोणाचा हे ठरविणे, योग्य त्या कार्यक्रमास जागे करणे, हा व्यत्ययांना दार उघडे ठेवून सावकाश चालतो. सरकारी कचेरीतील आवक-लिपिकाची आठवण येथे व्हावी : तो टपालावर शिक्का व क्रमांक घालतो, निर्णय करीत नाही, आणि त्याने प्रत्येक पत्राचा निर्णय तेथल्या तेथे करावयाचे म्हटले तर रांग रस्त्यावर जाईल.

पहिल्या भागात आणखी एक कडक निषेध पाळला जातो : तेथे झोप घ्यावयाची नाही. कर्नलमधील एखादे काम एखाद्या गोष्टीसाठी खोळंबले की ते स्वतःस बाजूस करून प्रोसेसर दुसऱ्या कामास देते, आणि गोष्ट मिळाली की पुन्हा रांगेतून उभे राहते. व्यत्ययाच्या कार्यपाठास असे करता येत नाही, कारण रांगेत त्याचे नावच नसते. तो ज्या कामाच्या पाठीवर बसून आला त्याच कामाचा देह त्याने तात्पुरता घेतलेला असतो. तो झोपला तर ज्याचा काही संबंध नाही असे ते बिचारे काम झोपी जाईल, आणि त्याच्या हाती एखादे कुलूप असेल तर तेही त्याच्याबरोबर. २००९ साली लिनक्समध्ये व्यत्ययाच्या उत्तरकार्यास स्वतःचे नाव असलेला, रांगेत उभा राहू शकणारा स्वतंत्र धागा देण्याची सोय झाली, ती या अडचणीवरील उतारा म्हणून.

लांबणीवर टाकलेल्या कामासही शिस्त लागते. नाहीतर ते स्वतःच प्रोसेसर गिळून बसेल. मागील कामे उरकतानाच नवी येऊन पडत असतील तर लिनक्स जास्तीत जास्त दहा फेऱ्या किंवा दोन सहस्रांश सेकंद एवढाच अवधी त्यांस सलग देते. उरलेले काम एका सामान्य धाग्याच्या हवाली होते आणि त्यास इतरांबरोबर रांगेत उभे राहावे लागते.

जाळ्याच्या बाबतीत हा प्रश्न विशेष तीव्रतेने पुढे आला. मोगल व रामकृष्णन यांनी १९९६ साली दाखवून दिले की तुकड्यांचा ओघ एका मर्यादेपलीकडे गेला की यंत्र केवळ व्यत्यय झेलण्यातच गुंतते. प्रत्येक तुकड्याचे स्वागत होते, परंतु एकाही तुकड्याचे काम तडीस जात नाही. यंत्र अहोरात्र राबत आहे आणि निष्पत्ती शून्य. पुढे लिनक्सने जो उपाय अंगीकारला तो मोठा मनोज्ञ आहे. पहिला तुकडा व्यत्ययाने हाक मारतो. कर्नल लगेच त्या पत्रिकेस सांगते की आता हाक मारू नकोस, मीच येऊन पाहीन. मग ते एका खेपेस साधारणतः ६४ तुकडे या हिशोबाने स्वतः उचलीत राहते, आणि साठा रिकामा झाला की हाक मारण्याची मुभा परत देते. म्हणजे ज्या दारोदार विचारपुशीस उधळपट्टी म्हणून सोडले होते, तिच्याकडेच गर्दीच्या वेळी परतावे लागले. शांतता असेल तर व्यत्यय स्वस्त, कोलाहल असेल तर विचारपूस स्वस्त. हे गणित ध्यानात ठेवावे, कारण औंढ्याच्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे.

तत्पूर्वी एका क्षुद्र वाटणाऱ्या, पण शहाणपणाच्या तरतुदीचा उल्लेख केला पाहिजे. एखादा यंत्रभाग बिघडून अखंड हाका मारीत सुटला आणि त्या हाका आपल्या म्हणावयास कोणताच ड्रायव्हर पुढे आला नाही, तर? लिनक्स हिशोब ठेवते. एका मार्गावरील १,००,००० व्यत्ययांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले, तर ते तो मार्ग बंद करून टाकते आणि नोंदवहीत लिहून ठेवते की याची कोणी दखल घेतली नाही. विश्वास ठेवावा, पण मोजून, असे हे धोरण. तसेच आधुनिक यंत्रभाग व्यत्यय पाठवितात तो तारेवरून नव्हे, तर स्मृतीच्या एका विशिष्ट पत्त्यावर अंक लिहून. मग स्मृतीत लिहिण्याची मुभा असलेला एखादा लबाड यंत्रभाग दुसऱ्याच्या नावाने हाक मारू शकेल हे ओघानेच आले. त्यासाठी मधे एक तपासणीचे कोष्टक बसविले गेले आहे. कोणी कोणती हाक मारावयाची हे त्यात कर्नलने लिहून ठेवलेले असते.

एवढी सगळी व्यवस्था असूनही ती एका गोष्टीची हमी देत नाही : हाक आल्यापासून काम होईपर्यंत किती वेळ लागेल याची. सरासरी उत्तम असते, परंतु वाईटात वाईट किती, हे सांगता येत नाही. लिनक्सला अशी हमी देण्याजोगे करण्याचा प्रयत्न जवळजवळ वीस वर्षे मुख्य प्रवाहाबाहेर चालू होता. बहुतेक सर्व व्यत्ययांना धागे करून आणि बहुतेक कुलपांना झोपण्याची परवानगी देऊन कर्नलचा जवळपास प्रत्येक क्षण थांबविण्याजोगा करावयाचा, हे त्याचे सूत्र. तो प्रयत्न २०२४ साली ६.१२ या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये विलीन झाला. कारखान्यातील यंत्रे, ध्वनिमुद्रण, यंत्रमानव यांस तो पुरेसा आहे.

लायगोच्या संगणक-अभियंत्यांनी मात्र आपल्या व्यवस्थेसाठी याहून सरळ, काहीशी उद्धट म्हणावी अशी वाट धरली. आजच्या प्रोसेसरात अनेक कोअर असतात. नियंत्रणाचा कार्यक्रम ते कर्नलचाच एक भाग म्हणून चढवितात. चढताच तो एक कोअर कर्नलच्या कामवाटपातून काढून घेतो. कर्नलच्या दृष्टीने तो कोअर जणू बंद पडलेला असतो. त्यावर दुसरे काम येत नाही, घड्याळाचा ठोका येत नाही, यंत्रभागांचे व्यत्यय येत नाहीत. त्या एकान्तात एकच कार्यक्रम न संपणाऱ्या फेऱ्यांत फिरत राहतो.

मग नवे अंक आले हे त्यास कळते कसे? येथे विचारपूस आपल्या मूळ रूपात परत येते. संवेदकांचे अंक रूपांतरक यंत्रभाग थेट स्मृतीत लिहितो, आणि त्या यंत्रभागाचे ठोके उपग्रहांवरून मिळणाऱ्या कालसंकेताशी बांधलेले असतात. कार्यक्रम प्रत्येक फेरीपूर्वी अपेक्षित जागी एक असा अंक लिहून ठेवतो, की जो संवेदकाकडून येणे शक्यच नाही. आणि मग त्या जागेकडे टक लावून बसतो. तो अंक बदलला की नवी सामग्री आली. कोणी हाक मारलेली नाही, चळतीवर काही ठेवावे लागलेले नाही, परतीचा प्रवास नाही. तीन अब्ज स्पंदांच्या प्रोसेसरवर १५.२६ मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे ४५ हजार स्पंद. ते सर्वच्या सर्व गणितास वा प्रतीक्षेस उपलब्ध असतात. वाट पाहण्यासही मर्यादा घातलेली असते. ठरावीक अवधीत अंक बदललाच नाही, तर रूपांतरक बंद पडला असे समजून कार्यक्रम थांबतो.

या व्यवस्थेत व्यय उघड आहे. एक संपूर्ण कोअर बहुतांश वेळ नुसते टक लावून पाहण्यात खर्ची पडतो. शिवाय त्या कोअरवरील कार्यक्रमाने गफलत केली तर त्यास आवरावयास कर्नल तेथे नसते. जे रक्षण व्यत्ययांमुळे मिळते तेही व्यत्ययांबरोबरच गेलेले असते. म्हणून तेथे चालणारी संहिता सहसा हाताने लिहीत नाहीत. शास्त्रज्ञ नियंत्रणाचे आराखडे चित्ररूपात मांडतात, आणि त्यांवरून ठरावीक साच्याची संहिता यंत्रच तयार करते. जिचा प्रत्येक फेरीचा वेळ आधी अजमाविता येतो अशीच ती असावी, हा त्यामागील हेतू दिसतो.

आणि तरीही एकान्त पूर्ण नसतोच. इंटेल परंपरेतील प्रोसेसरांत १९९० पासून एक असा व्यत्यय आहे की ज्यास कर्नल दार लावू शकत नाही, किंबहुना जो येऊन गेल्याचे त्यास कळतही नाही. तापमान, वीजपुरवठा अशा देखभालीसाठी संगणकाच्या पायाभूत संहितेने तो राखून ठेवलेला असतो. त्याने खाल्लेला वेळ केवळ घड्याळातील न जुळणाऱ्या अंतरावरून ओळखावा लागतो. जेथे मायक्रोसेकंदांचा हिशोब चालतो तेथे संगणक निवडतानाच तो हा व्यत्यय किती वेळा पाठवितो हे मोजून पाहावे लागते, आणि पायाभूत संहितेतील त्यास कारण होणाऱ्या सोयी बंद कराव्या लागतात. काही संगणकांत त्या बंद करताच येत नाहीत. असे संगणक या कामास निरुपयोगी ठरतात, मग ते कितीही वेगवान असोत.

उरलेल्या कोअरांवर मात्र लिनक्स आपल्या नेहमीच्या रीतीनेच नांदत असते. एकान्तातील कार्यक्रमाने गणित करून सामायिक स्मृतीत ठेवलेले अंक तेथून उचलले जातात, जाळ्यावरून साठवणीच्या यंत्रांकडे धाडले जातात, शास्त्रज्ञांच्या पटलावर आलेख उमटतात. आणि या सर्वांपायी हाका, पोच, खुणा, लांबणीवर टाकलेली कामे हा सारा व्यवहार अखंड चालू असतो. नियंत्रणाचा कार्यक्रम उतरविला की काढून घेतलेला कोअर कर्नलला परत मिळतो, आणि घड्याळाचा पुढचा ठोका त्यावर इतरांप्रमाणेच पडतो.